चांदणीचं क्रियापद

लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. भाषांच्या इतिहासावर बोलायचा माझा अधिकार नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. चंद्रपूरला शिकत होतो. वाचनालयात भाषाशास्त्राचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. त्यात काही शब्दांपुढे चांदणी छापलेली. परीक्षेत हमखास येणाऱ्या प्रश्नाला आम्ही गाइडात अशीच चांदणी काढायचो, म्हणून मी ते सगळे शब्द पाठ करून टाकले. सरांना म्हणून दाखवले, तर ते पोट धरून हसले.

"अरे, चांदणी म्हणजे हा शब्द लिहिलेला कुठेच सापडला नाही. त्याच्या लेकरांवरून, म्हणजे त्याच्यापासून पुढे झालेल्या शब्दांवरून, तो ओळखलाय."

त्यातलं एक क्रियापद मनात राहिलं. 'बेरनं'. प्राचीन जर्मानिक लोकांचं. अर्थ वाहून नेणं, आणि जन्म देणंही. त्याचं इंग्रजी लेकरू 'बेअर' अजून दोन्ही कामं करतं. स्वीडिश 'बेरा' ओझी वाहतं, जर्मन 'गेबेरन' फक्त बाळंत होतं. आपला 'भार' त्यांचा लांबचा चुलतभाऊ, असं सर म्हणाले.

तेव्हा माझी मोठी बहीण पोंभुर्ण्याकडच्या एका जंगलातल्या गावात बाळंतपणाचे दिवस मोजत होती. पहिलं मूल जगलं नव्हतं. सुट्टीत गेलो, तर आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन येताना दिसली. मी रागावलो.

"मोळी काय जड हाये?" ती म्हणाली. "तुह्या पुस्तकाएवढी बी नाई."

बाळंतपणाचा निरोप बसच्या कंडक्टरजवळ देतो, असं भाऊजी म्हणाले होते. चंद्रपूरला परतल्यावर मी रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन उभा राहायचो. बस येईपर्यंत मनात ते क्रियापद चालत असायचं. धुक्यातून, सागाच्या रानातून, डोक्यावर ओझं, पोटात बाळ. पाऊल वाजायचं नाही, चेहरा दिसायचा नाही. कधी वाटायचं, जवळ आलं की ती बहीणच निघेल. कधी वाटायचं, जवळ येणारच नाही.

"काऊन बे, रोज येऊन राह्यला?" कंडक्टरने एकदा विचारलं. "गाडी इकत घेतं का?"

मी बहिणीचं सांगितलं. निरोप नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. त्यानंतरच्या आठवड्यात एकदा, बस थांबायच्या आधीच तो दारातून ओरडला,

"अबे, मामा झाला तू! पेढे आनजो उद्या. पोरगी हाये. मायलेकी दोघीबी बऱ्या हायेत."