कानबाई कोणाच्या हद्दीत?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ती नायलॉनची पिशवी आठवली की आजही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा सुरतेतल्या एका शहर ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. श्रावणात नंदुरबारकडे जाणारी रेल्वेगाडी शहरातल्याच डिंडोलीजवळ सिग्नलला थांबली आणि दाराशी बसलेल्या एका लूम कामगाराच्या बायकोची पिशवी खाली उभ्या चोराने हिसकली. आत तिच्या सासरचा, पिढ्यानपिढ्या जपलेला नारळ होता, नथीसकट. खानदेशात असा नारळच कानबाई म्हणून पूजतात. रविवारी गावी सगळे भाऊबंद जमून तो मांडणार होते.

झिरो नंबरने, म्हणजे हद्दीचा प्रश्न बाजूला ठेवून, गुन्हा नोंदवून मी कागद रेल्वे पोलिसांकडे धाडले. ते परत आले. त्यांचं म्हणणं, "चोराचे पाय तुमच्या रस्त्यावर होते." आमचे वरिष्ठ म्हणाले, "बाई त्यांच्या डब्यात होती." खेटे घालून मी वैतागलो. बाई मात्र ठाण्याच्या बाकावरून हलेना. "तुमनी हद्द कोठे संपस ते माले काय करनं शे? मन्ही कानबाई ऐतवारले घर पाहिजे!"

खबर आणली लिंबायतच्या एका रिक्षावाल्याने. त्याच्या शेजारच्या खोलीतला माणूस नथ घातलेल्या नारळापुढे दिवा लावत होता. "साहेब, कानबाई नवरा-बायको मिळून बसवतात. या सडाफटिंगाकडे कशी आली?"

चौकशीत आवाजही चढवावा लागला नाही. चोरही खानदेशीच. "पिशवी उघाडी ते कानबाई निंघनी. मायले कशी फेकू, साहेब?" म्हणत रडायलाच लागला.

सुटलो म्हटलं, तर कसलं काय! मुद्देमाल सोडायचा हुकूम शहराच्या कोर्टाने द्यायचा की रेल्वेच्या, यावर दोन सरकारी वकील भांडत बसले. नारळ लाखेच्या सीलमध्ये मालखान्यात, आणि रविवार उजाडून मावळलासुद्धा.

सोमवारी न्यायाधीशच भडकले. "प्रवासात घडलेला गुन्हा त्या वाटेवरचं कुठलंही कोर्ट चालवू शकतं. हे कायद्यात आहेच. कोणी वाचलं नाही?" निकाल चार ओळींचा.

तोवर गावोगावी कानबाई विसर्जनाला निघाल्या होत्या. बाईने सील फोडलं, नारळ पदराने पुसला. "आते पुढला साल," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

हद्द आखली ती कामाची वाटणी व्हावी म्हणून. आम्ही ती हात झटकायला वापरतो. त्या प्रकरणात कानबाई समोर आल्यावर "ही माझ्याकडे येत नाही" असं न म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि त्यालाच मी लॉकअपमध्ये टाकलं होतं.