पाडायचा तास

माझ्या मूर्खपणांची यादी लांबलचक आहे, पण पहिला नंबर कधी बदलला नाही. शाळेच्या आखाड्यात एक पोरगी किंचाळत होती आणि तिला मार बसतोय की नाही, हे मी टॅबलेटला विचारलं. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच अल्लड. कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधायची आणि मुलींना उद्याचं ज्ञान द्यायला निघायची.

ते ज्ञान म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. आठवीला तिचा तास सुरू करा, असा संस्थेचा आदेश आला आणि शिक्षकांच्या खोलीत सबबी निघू लागल्या. गणिताच्या बाईंना रक्तदाब, विज्ञानाच्या बाईंची मुलगी बारावीला. उरल्या खेळाच्या पैलवानबाई. ऐन उमेदीत त्यांनी चांगल्या चांगल्या बायका लोळवल्या होत्या. त्यांचे दोन्ही कान कुस्तीत चुरगळून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झाले होते. पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सोपं हाय. मशीन म्हंजी तालमीत आल्याली नवी पोरगी. दावाल त्येवढंच शिकतीय."

मुलींवर त्यांनी कधी हात उगारला नाही, टेबलावर उगारला. तोवर शाळेची दोन टेबलं कामी आली होती.

शिकवण्याची पद्धतही आखाड्याचीच. एक तास टॅबलेटमधल्या मशीनला फोटो दाखवून शिकवायचा, पुढचा तास त्याला पाडायचा. भाकरी ओळखायला शिकवलेल्या मशीनपुढे एका मुलीने आपल्या आजोबांच्या टकलाचा फोटो धरला. मशीन म्हणालं, भाकरी. अख्खा वर्ग "चितपट" म्हणून बाकांवर नाचला आणि पैलवानबाईंनी खुशीत तिसऱ्या टेबलाला तडा दिला. "ते कुटं पडतंय ते कळल्याबिगर कपाटातनं भाईर काढायचं न्हाई," हा त्यांचा नियम.

मग मुलींनी मशीनला कुस्ती आणि मारामारी यांतला फरक शिकवायला घेतला. कुस्तीचे फोटो काढले आखाड्याच्या तांबड्या मातीत. मारामारीचे व्हरांड्यातल्या फरशीवर, खोटं खोटं केस ओढून. शिकवायचा तास झाला. पाडायचा तास सोमवारी होता.

शनिवारी पैलवानबाई पंच म्हणून हातकणंगल्याला गेल्या आणि इकडे संस्थेची पाहुणेमंडळी आली. मला कुठला धीर? कपाटातून टॅबलेट काढला आणि मंडळींना घेऊन मिरवत मैदानाकडे निघाले.

आखाड्यात दहावीच्या दोघींनी आठवीच्या रोहिणीला खाली घातलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी शाळेत निवड झाली, तेव्हा रोहिणीने त्यातल्या एकीला आस्मान दाखवलं होतं. तो राग. आता तीच रोहिणीच्या छाताडावर बसून तोंडावर ठोसे घालत होती, दुसरी हात पिरगाळत होती. रोहिणीच्या नाकातलं रक्त मातीत मिसळून काळं दिसत होतं. ती "बाई" म्हणून ओरडली. मी एक पाऊल पुढे टाकलं. पण मागे पाहुणे होते. मी म्हणाले, थांबा, आपण मशीनलाच विचारू.

टॅबलेट त्यांच्यावर धरला. मशीनची खात्री दाखवणारी हिरवी पट्टी टोकापर्यंत गेली. कुस्ती. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतही कोपर मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळकी फांदी पायाखाली यावी तसा.

सोमवारी सकाळी रोहिणीची आई आली. तिला एवढंच कळलं होतं की पैलवानबाईंच्या मशीनने घोळ घातला. तिने पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या तोंडावर हाणली. एकदा, दोनदा, पाचदा. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. तीन पुरुषांना एका वेळी उताणं पाडेल अशी ती बाई हात मागे बांधून उभी राहिली. तो मार माझा होता. मी ऑफिसचं दार आतून दाबून उभी होते. माझी अख्खी कुस्ती त्या दाराशी.

तरी पाडायचा तास त्यांनी चुकवला नाही. सुजलेल्या ओठाने मुलींना आखाड्यावर नेलं. रोहिणीचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून टॅबलेट तिच्या चांगल्या हातात दिला आणि रिकाम्या मातीवर धरायला सांगितला. आखाड्यात चिटपाखरू नव्हतं. पट्टी पुन्हा टोकापर्यंत गेली. कुस्ती.

"ह्येनं मानूस बघितलाच न्हाई," त्या मुलींना म्हणाल्या, "नुसती माती बघितली." त्या दिवशी चितपट कुणी ओरडलं नाही.

चौकशीत मी लिहून दिलं, यंत्राने चुकीचा निष्कर्ष दिला. वाक्य अगदी खरं होतं, म्हणूनच सोयीचं होतं. टॅबलेट कपाटात कोणी बंद ठेवला होता आणि कोणी काढला, हे मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रोहिणीची स्पर्धा गेली, कोपर पुन्हा सरळ झाला नाही. पैलवानबाईंची संस्थेच्या चंदगडच्या शाळेत बदली झाली.

आता माझी नात फोनला काही विचारते आणि उत्तर मला वाचून दाखवते, तेव्हा मी म्हणते, आधी पाड त्याला. ती हसते. आजीला काय कळतंय, असं तिला वाटतं. सत्तावन्नाव्या वर्षी मलाही सगळं कळत होतं.

बाईंना निरोप द्यायला मी स्टँडवर गेले होते. माफी मागायची म्हणून घरून वाक्य पाठ करून गेले आणि तोंडातून आलं भलतंच, की मशीनच तसं म्हणालं हो, मी काय करणार? चंदगडची एसटी लागली होती. पैलवानबाईंनी ट्रंक आत ढकलली, पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"मशीनला कान न्हाईत, मोठ्या बाई. माझं कुस्तीत मोडल्यालं. तुमचं धड हुतं की."