आभार मानणाऱ्या मॅडम

सभागृहाच्या मागच्या दाराकडे लोक सरकू लागले की त्या उजवा तळहात वर करत. आवाज चढवत नसत. "बसा," म्हणत, "चहा कुठं जात नाही. आभार राहून जायला नकोत."

लोक बसत. बसावंच लागे, कारण चहावाल्याला त्यांनी सांगून ठेवलेलं असे की आभार संपल्याशिवाय किटलीला हात लावायचा नाही. आणि आभारानंतर राष्ट्रगीत असे, त्यामुळे त्याआधी उठून जाणं बरं दिसत नसे.

तुम्हीही अशा कार्यक्रमांना गेला असाल. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, प्रमुख पाहुणे बोलतात, आणि शेवटी कुणीतरी आभारप्रदर्शनाला उभं राहतं. तोवर मागच्या रांगा रिकाम्या झालेल्या असतात. ज्याला दुसरं काही द्यायचं नसतं त्याला हे काम देतात. नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागात ते वर्षानुवर्षं एकाच बाईंकडे होतं. विभागात त्यांना सगळे मॅडम म्हणत. मीही तेच म्हणतो.

माझी त्यांची ओळख कामामुळे झाली. मी एका दैनिकाच्या नवी मुंबई पुरवणीत शहरातल्या कार्यक्रमांचा कोपरा सांभाळत असे. त्या विभागाकडून दर आठवड्याला एक पत्रक येई, 'वृत्त आणि आगामी कार्यक्रम'. तेही मॅडमच लिहीत. बाकी संस्थांच्या पत्रकांत 'भव्य', 'दिमाखदार' हे शब्द ठासून भरलेले असतात. मॅडमच्या पत्रकात विशेषण नसे. एकदा त्यात लिहिलं होतं, "मेघगर्जनेवर व्याख्यान. वक्ते उशिरा येण्याची शक्यता."

मी फोन केला. म्हटलं, "मॅडम, हे असंच छापायचं?"

"छापा की. मागच्या दोन्ही वेळा उशिरा आलेत ते."

"यावेळी वेळेवर आले तर?"

"तर आमचा अंदाज चुकला म्हणायचं. अंदाज आहे तो, खात्री नव्हे."

वक्ते उशिरा आले.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. कामोठ्याला धाकट्या बहिणीबरोबर राहत. बहीण शाळेत शिकवी. मॅडम ठेंगण्या, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. माइक नेहमी आधीच्या वक्त्याच्या उंचीवर असे. तो खाली ओढून घेताना त्या सभागृहाकडे एकदा सावकाश पाहत. ती नजर मी पुढे न्यायालयाच्या बातम्या करताना पाहिली, उलटतपासणीला उठणाऱ्या वकिलांच्या चेहऱ्यावर.

त्यांच्या आभारांत खोटं काही नसे. "सरांनी वीस मिनिटांत आटोपतो असं म्हटलं होतं. ते तासभर बोलले. त्यांच्या औदार्याबद्दल आभार." "ध्वनिव्यवस्था गेल्या कार्यक्रमात बिघडली होती. ती आहे त्या स्थितीत जपणाऱ्या कार्यालयाचे आभार." मुलं खिदळत. हे सगळं त्या पूर्ण गंभीरपणे, यादीतली नावं वाचावीत तसं बोलत. ज्याचे आभार मानले तोही हसे, आणि चहाच्या वेळी कोपऱ्यात जाऊन विचार करताना दिसे.

माझा बराच काळ समज होता की हा विनोदी स्वभाव आहे. तो तसा नव्हता, हे त्यांनी एका दुपारी विभागाच्या कॅन्टीनमध्ये मला सांगितलं.

बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे गाव आहे. तिथल्या बायका बोंबील, जवळा वाळवतात. हवेत ओल वाढली किंवा अवेळी शिडकावा झाला की पसरलेला माल कुजतो. मॅडमनी त्यांच्यासाठी एक अंदाज बसवला होता. उद्या मासळी बाहेर काढायची की नाही, एवढं एकच वाक्य संध्याकाळी बायकांच्या फोनवर जाई. त्यासाठी हिराबाई नावाच्या कोळणीच्या गच्चीवर मॅडमनी यंत्र बसवलं होतं आणि कित्येक हंगाम त्या स्वतः तिथे जात होत्या. गच्चीवर मांजर यंत्रावर चढतं म्हणून हिराबाईने त्याला जुनं जाळं गुंडाळलं. त्याने वाऱ्याची नोंद चुकते हे तिला पटवायला मॅडमना अर्धा दिवस लागला. "मॅडम, वारा जाल्यातून जातो का नाय?" असं ती विचारी. मॅडम हे सांगताना हसल्या. मी त्यांना मनापासून हसताना पाहिलं ते असंच, दिवाळ्याचं काही निघालं की.

मग त्यांनी फोनवर एक शोधनिबंध उघडला. विषय तोच अंदाज. लेखक म्हणून एकच नाव, विभागप्रमुखांचं. विभागात त्यांना सर म्हणत. मॅडमनी बोटाने पान खाली खाली नेलं. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत ऋणनिर्देश होता. तिथे त्यांचं नाव होतं.

"इथं आहे मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सरांना विचारलं नाही?"

"विचारलं की. म्हणाले, 'मॅडम, शेवटी तुमचे आभार मानलेत ना?'"

त्यांनी संशोधनपत्रिकेला लिहिलं होतं. उत्तर आलं होतं, मूळ लेखकाने लेखी कळवलं तर नाव जोडू. मूळ लेखक कळवत नव्हते. त्या निबंधावर मॅडमचं नाव असतं तर त्या प्राध्यापक झाल्या असत्या. मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, स्वतंत्र काम काय. त्यांनी दिवाळ्याचं सांगितलं. समितीतले एकजण म्हणाले, "ते तर सरांचं."

"म्हणून मी आता आभार मानते," मॅडम म्हणाल्या. "त्यांनीच शिकवलं. एखाद्याचं सगळं काढून घ्यायचं असलं की त्याचे आभार मानायचे."

चहा निवला होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

आता तुम्ही म्हणाल, तक्रार का केली नाही. केली होती. चौकशी समितीच्या अध्यक्षपदी सरांचे मित्र होते. समितीने दोघांनाही सामंजस्याने घ्यायला सांगितलं. मॅडमनी त्या समितीचेही एका कार्यक्रमात आभार मानले. "कुणाचंही मन न दुखवता निर्णय न घेतल्याबद्दल," असे शब्द होते.

हे आभार कसले ते सरांना एव्हाना कळलं असेल असं तुम्हाला वाटेल. नव्हतं कळलं. आभार चालू असताना ते फोन पाहत.

पुढे विद्यापीठाने किनारी हवामानाचं एक नवं केंद्र काढायचं ठरवलं. त्याच्या संचालकपदावर सरांचा डोळा होता. निवृत्ती जवळ आली होती. हे पद मिळालं तर आणखी काही वर्षं खुर्ची राहणार होती. निवड ज्यांच्या हाती होती त्या वयस्क शास्त्रज्ञांनाच सरांनी जागतिक हवामान दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मॅडमच्या पत्रकात त्या आठवड्यात एवढंच होतं, "जागतिक हवामान दिन. विभागप्रमुखांचे भाषण. दिवाळे येथील मासळी वाळवणाऱ्या महिला उपस्थित राहतील. आभारप्रदर्शन होईल."

ही शेवटची ओळ पत्रकात याआधी कधी नव्हती. मी गेलो.

सर चांगलं बोलले. त्यांना बोलता येतं. दिवाळ्याच्या धक्क्यावर आपण कसे उन्हात उभे राहायचो, कोळी भगिनींनी आपल्यावर कसा विश्वास टाकला, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. प्रमुख पाहुण्यांनी मान डोलावली. तिसऱ्या रांगेत हिराबाई आणि तिच्या शेजारणी बसल्या होत्या, केसात अबोलीचे गजरे, मांडीवर पर्स. त्या एकमेकींकडे पाहत होत्या.

मॅडमनी माइक खाली घेतला. पाहुण्यांचे, कार्यालयाचे, मांडववाल्याचे आभार मानले. मग म्हणाल्या, "सरांनी दिवाळ्यातल्या भगिनींचा एवढा आपुलकीने उल्लेख केला. त्या आपलं काम सोडून आल्या आहेत. त्यांचे आभार. हिराबाई, जरा उभ्या राहता का? सर तुमच्याबद्दलच बोलत होते."

हिराबाई उभी राहिली. तिने व्यासपीठाकडे नीट पाहिलं.

"ह्ये सर व्हय?" ती म्हणाली. माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. धक्क्यावर मासळी विकणाऱ्या बाईचा आवाज होता तो. "आमी तं मॅडमना वलखतो. यांना आजच बघतंय."

शेजारीण म्हणाली, "गच्चीवर त मॅडमच येतात. ह्ये कदी आलं?"

मुलं हसली. मग आपोआप थांबली. सरांच्या हातातला फोन खाली गेला.

"सरांनी त्या यंत्राला कधीही हात लावला नाही," मॅडम त्याच आवाजात म्हणाल्या, "म्हणून ते आजवर टिकलं. त्याबद्दल सरांचे विशेष आभार. आता राष्ट्रगीत."

सगळे उभे राहिले. राष्ट्रगीतात कुणी कुजबुजत नाही, कुणी समजूत घालत नाही, कुणी खुलासा करत नाही. सर ताठ उभे होते. मॅडमही ताठ उभ्या होत्या.

चहाला प्रमुख पाहुणे कप घेऊन थेट दिवाळ्याच्या बायकांत जाऊन बसले, ते निघेपर्यंत तिथेच होते. सर बिस्किटांच्या टेबलाशी उभे होते. त्यांच्या जवळ जायचं कुणी धाडस केलं नाही.

संचालकपद बाहेरच्या एका माणसाला मिळालं.

पुढच्या कार्यक्रमापासून आभारप्रदर्शन एका नव्या प्राध्यापकाकडे गेलं. मॅडमना परीक्षा विभागात पाठवलं. पत्रक लिहिणंही गेलं. ते आता बाकीच्यांसारखं दिमाखदार झालं. मॅडम कार्यक्रमांना येत, पहिल्या रांगेत बसत. तो नवा प्राध्यापक आभार मानताना त्यांच्याकडे पाहत नसे. पाहिलं की अडखळे.

काही महिन्यांनी कामोठ्याच्या बाजारात त्या भेटल्या. मेथी निवडत होत्या.

"काय पेपरवाले," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मॅडम, समाधान झालं का?"

"नाही."

"सरांचं संचालकपद तर गेलं."

"पद गेलं. नाव कुठं आलं?" त्यांनी जुडी भाजीवालीला परत दिली, दुसरी घेतली. "आणि एक सांगते. उद्या माझ्याबद्दल लिहायची वेळ आली, तर मला मोठ्या मनाची वगैरे करू नका. मी माफ केलेलं नाही."

म्हणून मी तसं लिहीत नाही.

निवृत्तीनंतर लवकरच त्या आजारी पडल्या. फार दिवस काढले नाहीत. विभागाचं पत्रक आलं. आगामी कार्यक्रमांत पहिलीच नोंद होती. मॅडमसाठी शोकसभा, माजी विभागप्रमुख श्रद्धांजली वाहणार. त्याच दुपारी त्यांच्या बहिणीचा फोन आला. "छापू नका. विभागालाही मी कळवलंय. ताई सांगून गेलीय, शोकसभा घ्यायची नाही. घेतली तर घरचं कुणी येणार नाही, फोटोही देणार नाही."

"काही कारण?"

"ती म्हणाली, सर बोलतील."

विभागाने सभा रद्द केली. मी कोपऱ्यात दोन शब्द छापले, शोकसभा रद्द.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच होता.

"भाषण लिहून तयार होतं हो," ते म्हणाले. "सभा नाही तर नाही, तुम्ही लेख म्हणून छापा. अगदी मोकळ्या मनाने लिहिलंय. दिवाळ्याचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं, असं स्पष्ट म्हटलंय मी."

"दोघांनी, सर?"

"हो, दोघांनी. आता ती गेली. खरं बोलायला काय हरकत आहे?"

"मग तेवढंच त्या संशोधनपत्रिकेला लेखी कळवाल का? ते नाव जोडतात. जोडलं की तुमचा लेख मी त्याच दिवशी छापतो."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"ते आता जुनं झालं," सर म्हणाले.

"मग लेख राहू द्या," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला नाही. बहुधा मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटत होतं. मी ठेवला.