रुमालाखालचा करार

एजंटाने सरांच्या मुलाला फसवले आणि सरांनी मला. पहिली फसवणूक आमच्या मोताळ्यात सगळ्यांना माहीत आहे. दुसरीबद्दल मी कोणाशी बोललो नाही. पण हल्ली एका जागी बसवत नाही, म्हणून सांगतो.

सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. डाव्या हाताची दोन बोटं वर करायची त्यांची सवय. एक बोट कारणांचं, दुसरं परिणामांचं. "कारणं तू सांग, परिणाम मी दाखवतो," असं म्हणायचे, आणि उजव्या हातात पट्टी असायची. पहिल्या महायुद्धाचे परिणाम मी तळहातावर सोसले आहेत. पुढे शाळा सोडली, बैलांच्या धंद्यात पडलो, कोणाच्या मदतीशिवाय उभा राहिलो. पण महायुद्धाच्या कारणांचं ते उत्तर डोक्यातून गेलं नाही. साम्राज्यांची हाव, शस्त्रांची चढाओढ आणि गुप्त करार.

निवृत्तीनंतर सर बैलबाजारात यायचे. बैल घ्यायचा नसायचा, माणसं पाहायची असायची. तुम्हीही पाहिलं असेल, आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, बोटांवर सौदा ठरतो, आणि खेटून उभ्या माणसालाही काही कळत नाही. माझा हात रुमालाखाली गेला की सर मागून ओरडायचे, "गुप्त करार! आता लढाई होते पाह्य बे!"

गिऱ्हाईक बिचकायचं. माझं डोकं फिरायचं. "सर, सौदा मोडता तुमी माझा."

"उजेडात कर ना मंग. लढाईले कारणच राह्यत नाही."

रशिया आणि युक्रेनची लढाई पेटली तेव्हा सरांना पुन्हा वर्ग मिळाला. गोडेतेल भडकलं, खत मिळेना. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "सर, लढाई तिकडं, न् आपल्या कढईले काऊन मार?" सर दोन बोटं वर करायचे आणि काडीने धुळीत नकाशा काढायचे. जुनं साम्राज्य कसं मोडलं, कोणाला कोणाची भीती, सूर्यफूल कुठे पिकतं. एकदा एक म्हातारा त्या नकाशावरूनच बैल घेऊन गेला. सर म्हणाले, "झालं. सीमा अशाच पुसतात."

ती लढाई चालू असतानाच त्यांचा मुलगा रशियाला निघाला. शिकलेला होता, नोकरी नव्हती, त्यामुळे लग्न जमत नव्हतं.

"कायले चालला तिकडं?" मी विचारलं.

"उच्च शिक्षणाले," सर म्हणाले.

"लढाई चालू हाय ना तिथं?"

"लढाई सीमेवर असते बे. विद्यापीठ लय दूर हाय."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. बैलाची खोड लपवणारा मालक असाच भलतीकडे बघतो. पण मास्तर खोटं बोलेल हे माझ्या मनाला शिवलं नाही. मी स्टँडवर पोराला हार घातला, पेढा भरवला.

काही महिन्यांनी भर दुपारी सर माझ्या गोठ्यात आले. त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. पोराने रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज होता. "बाबा, गोदामातलं काम नाहीच. शिपायाचे कपडे देल्ले. खंदक खोदून राह्यलो. तुमी शिकवत होते तसाच हाय बाबा. पाणी साचते खाली."

सर एवढंच म्हणाले, "ओल असते खंदकात. पाय सडतात."

मी म्हणालो, "गोदाम? तुमी तं शिक्षण म्हणत होते."

तेव्हा खरं बाहेर आलं. शिक्षण नव्हतंच. एजंटाने हेल्परची नोकरी सांगितली होती आणि वर बजावलं होतं, काम पक्कं होईस्तोवर कोणाजवळ बोलू नका. इतिहासाच्या मास्तरचा पोरगा परदेशात पोती उचलणार, हे सरांना गावात सांगवत नव्हतं. एजंटाला ते बरंच झालं.

मी भडकलो. "बैल घेताना आपण दात पाह्यतो, गाडीले जुंपून पाह्यतो. पोरगा देताना मले काऊन नाही विचारलं?"

"तू एजंटाचे दात पाह्यले असते."

"मंग?"

"मंग सौदा मोडला असता. पोराचं बस्तान बसत होतं. मले मोडू द्याचा नव्हता."

जन्मभर गुप्त कराराला लढाईचं कारण म्हणणारा माणूस! मला रडू येत होतं, म्हणून मी आणखी ओरडलो.

आम्ही दोघं एजंटाच्या ऑफिसवर गेलो. शटरला कुलूप. एकदाच त्याने फोन उचलला. म्हणाला, "पोरानं राजीखुशीनं सही केली." सरकारी कचेरीत सांगितलं, वर कळवलंय. वरून उत्तर आलं, तिकडे कळवलंय. मग डीएनए जुळवून पाहायला सरांचं रक्त घेतलं. कशाशी जुळवणार, हे सरांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पोराचा आवाज त्यानंतर आला नाही.

त्यानंतर सर बाजारात एकदाच आले. माझा हात रुमालाखाली होता. सगळे त्यांच्या आरोळीची वाट बघत होते. सर जवळ आले, गिऱ्हाइकाला हलकेच बाजूला सारलं आणि स्वतःचा हात रुमालाखाली घातला. माझी सगळी बोटं त्यांनी घट्ट धरली. सोडेनात. त्या पकडीचा भाव आमच्या बाजारात नाही. मी म्हणालो, "सर, लोक पाहून राह्यले." ते म्हणाले, "पाहू दे."

त्याच हिवाळ्यात सर गेले. खांदा द्यायला मुलगा नव्हता. मी दिला.

आता विचारायला सर नाहीत, तर मी विचारतो. आमच्याकडे विकलेला बैल जुंपल्यावर खाली बसला, तर विकणाऱ्याला भर बाजारात उभं करतात. गोदाम दाखवून खंदकात जुंपलं, त्यासाठी कोणाला उभं केलं? एजंट सहीकडे बोट दाखवतो, कचेरी वर दाखवते, वरचे सीमेपलीकडे. एवढी बोटं आहेत ना, मग रुमाल उचला. खाली कोणाच्या हातात कोणाचा हात होता ते दिसू द्या. आणि तो हात ज्याचा असेल, त्याने सरांच्या घरी यावं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पोराची वाट बघत अजून दार लावून घेत नाहीत. त्यांच्यासमोर उभं राहून सांगा, पोरगा कुठे आहे?