कोरड्याची उपमा

पंचशीलाबाई इंग्रजी शिकवायला लागल्या की वर्ग डोलायचा. ‘ॲज बिझी ॲज अ बी’, ‘ॲज ब्लाइंड ॲज अ बॅट’. मधमाशी, वटवाघूळ, सगळे फळ्यावर हजर. कोरड्याची उपमा मात्र त्यांनी जन्मात शिकवली नाही.

त्याला कारण लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाचा दुष्काळ. बौद्धवाड्यातली विहीर आटली, म्हणून तिथल्या बाया पहिल्यांदाच गावविहिरीवर येऊ लागल्या होत्या. तिच्याही तळाला थोडंसंच पाणी झिरपायचं. गावानं येऊ दिलं, पण तोंडं वाकडी करून. पंचशीला तेव्हा नवी सून, मुखेडहून मॅट्रिक होऊन आलेली. सासू सरजाबाईंच्या मागं ती घागर घेऊन उभी होती.

टँकर द्यायचा की नाही ते ठरवायला जिल्ह्याचे साहेब आले. मद्रासकडचे, मराठीचा गंध नाही. विहिरीत डोकावून ते म्हणाले, “ॲज ड्राय ॲज अ बोन!”

दुभाष्या होता सरपंचांचा पुतण्या व्यंकट. कॉलेजात दोनदा गचकलेला, पण ऐट केवढी! “साहेब म्हणतेत, इहिरीत हाड हाय.”

साऱ्या नजरा बौद्धवाड्याच्या बायांकडे वळल्या.

“कुणी टाकलं गं?” म्हणत गावातल्या कोंडाबाईनं सरजाबाईंची घागर पायानं लोटली. मागं कुणीतरी काठी उचलली.

आता गप्प राहिलो तर मार बसणार आणि पाणीही तुटणार, हे पंचशीलाला लख्ख कळत होतं. ती पुढं झाली.

“हाड न्हाई वो! साहेब म्हणतेत, इहीर कोरडीठाक हाय. आपण ठाक म्हणतो, तिथं ते हाड म्हणतेत.”

“तू तुझ्याच लोकांची बाजू घेणार,” व्यंकट खेकसला.

तिनं थेट साहेबांनाच विचारलं, “सर, मिस्टर व्यंकट इज बिझी. हाऊ बिझी?”

साहेब गोंधळून हसले. “ॲज बिझी ॲज अ बी.”

“सांगा व्यंकटराव, बी म्हंजे काय?”

“मधमाशी.”

“मग तुमच्या अंगात मधमाशी शिरली का?”

दोघं-तिघं हसले. काठी खाली आली. पण सरपंचांची शंका जाईना. त्यांनी आपल्या गड्याला, दगडोबाला, दोर बांधून विहिरीत उतरवलं. तो तळ चाचपत होता तोवर बायांच्या जिवात जीव नव्हता. तो चिखलानं माखून वर आला. “हाडबीड काई न्हाई.”

टँकर मंजूर झाला. माफी कुणी मागितली नाही. आपल्या शब्दापेक्षा दगडोबाच्या चिखलाला किंमत, याचा पंचशीलाला भयंकर संताप आला.

घरी जाताना सरजाबाई रिकामी घागर कडेवर घेऊन म्हणाल्या, “इहिरीत हाड न्हवतंच, पोरी. हाड-हाड तर आपल्याला केलं त्येंनी.”