गार हातांची वहिनी

वहिनीचे हात बारा महिने गार असायचे. इंदूरच्या मे महिन्यातसुद्धा. मी तिच्यावर जळायला लागले ते या हातांवरूनच.

बडा गणपतीजवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबा चांदीचे दागिने ओतायचे. आधी दागिना मेणाचा घडवायचा, त्यावर माती थापून ती भाजायची. मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत चांदी ओततात. मेणाला गार हात लागतो. मी मेणाचं फूल हातात घेतलं की पाकळ्या माना टाकायच्या.

"ताई, तुमच्या हातांना बुखार आहे," वहिनी म्हणायची. "तुम्ही कॉलेजच करा."

ती देपालपूरची. लाजणं, संकोचणं ही भानगडच नव्हती. स्वतःचं काम उजेडात धरून स्वतःच म्हणायची, "देखो, क्या बात है." बाबा खुशीत हसायचे. माझ्यासाठी ते असे कधी हसले नाहीत. मार्कशीट त्यांना वाचता येत नव्हती. मेण वाचता यायचं.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्या गळ्यातलं पदक मी करतो. माझ्या हातानं." मला पदवीपेक्षा त्याचीच जास्त ओढ लागली.

आमच्याकडे रीत अशी, की मेण ज्यानं घडवलं त्यानं पाठीमागे अंगठा दाबायचा. तो ठसा चांदीत उतरतो. बाबांच्या अंगठ्यावर जुन्या चटक्याची आडवी रेघ होती. पदक हातात आलं तसं मी आधी उलटून पाहिलं. ठसा लहान होता. रेघ नव्हती.

"वहिनीचा आहे," बाबा म्हणाले. "माझा हात कापतो आता. सारखं मोडत होतं."

वहिनी दारातूनच म्हणाली, "बढिया आलंय ना, ताई?"

बढियाच आलं होतं. तेच तर दुखणं.

पुढे दादाची बदली झाली आणि वहिनी नागपूरला गेली. निघताना तिनं मेणाचा डबा माझ्या हातात दिला, आणि लगेच काढून घेऊन फडताळात ठेवला. "सॉरी हां ताई. पिघळेल." बाबांनी तो डबा नंतर उघडला नाही. मी घरातच होते.

पदक मी रोज घालते. राजवाड्याकडे गेले की एखादा दुकानदार विचारतोच, काम कोणाचं? "आमच्या घरचं," एवढंच मी सांगते. कधी एकटी असले की ते उलटं करून त्या ठशावर अंगठा ठेवून बघते.

माझा मोठा पडतो.