लोकरीखालची पाठ

नव्वदीच्या दशकात आम्ही कोपरखैरण्यात राहायचो. नवरा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, मी घरी ब्लाऊज शिवायची. सासूबाई माणदेशातून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. इथे गॅस पेटवायलाही घाबरायच्या. मी तोंडाची फटकळ. दिवसातून दोनदा तरी त्यांचं अडाणीपण काढायची.

एकदा शिवलेले कपडे पोचवायला तळवलीला गेले, तेव्हा त्यांनाही सोबत नेलं. तिथल्या एक मुसलमान मावशी, सगळ्यांच्या खाला, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. लेकी सासरी गेल्यावर त्यांनी बाटलीनं दूध पाजून एक मेंढी वाढवली होती. तिला शाम्पूनं न्हाऊ घालायच्या, कंगव्यानं विंचरायच्या. शोभते म्हणून लोकर कधी कातरलीच नव्हती.

"कशी गोलमटोल हाय ना?" खाला कौतुकानं म्हणाल्या. "जाडी झाली म्हणून हल्ली जरा सुस्त असते."

सासूबाई मेंढीजवळ उकिडव्या बसल्या. बोटं लोकरीत खुपसून शेवटच्या बरगडीमागे कण्यावर टेकवली. मग डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आतली कड पांढरीफटक होती.

"हाडं लागत्यात हाताला. निस्ती लोकरच फुगलीया. पाणथळीत चारताय व्हय?"

"खाडीकडं सोडते. हिरवंगार गवत हाय तिकडं."

"त्येच नडलं. जंतांनी पोखरलीया. उद्याच्या उद्या डाक्टरला दावा, न्हाईतर हातची जाईल."

खालांचा चेहरा उतरला. मी मात्र शरमेनं अर्धी झाले. गिऱ्हाइकाच्या दारात हे काय बोलणं! परतताना रिक्षात मी त्यांना चांगलंच झापलं.

गुरांच्या डॉक्टरांनी अगदी तेच सांगितलं. औषध सुरू झालं, लोकर कातरली, आणि लोकरीखालची हाडकुळी मेंढी बघून खाला रडल्याच. त्यानंतर सासूबाई दर आठवड्याला तळवलीला जाऊ लागल्या. मीही सोबत जायची. त्या माझा हात धरून मेंढीच्या पाठीवर ठेवायच्या. "डोळ्यांवर इस्वास ठिवू नगंस. हात लावून बघ."

दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, "आता मास धरलंय." खालांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. गळ्यात टेप अडकवून जन्मभर मापं घेणारी मी, त्या हातांकडे बघतच राहिले. इतका अभिमान मला कुणाचाच वाटला नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांना नवा ब्लाऊज हवा होता. "सैलच शिव गं, उकडतं," हे नेहमीचंच. त्यांचं माप मी कधी घेतलंच नव्हतं, जुन्यावरून बेतायची. त्या दिवशी माझा हात आपोआप त्यांच्या पाठीवर गेला.

बोटांना मणके टोचले.

नऊवारीच्या घोळात काहीच दिसत नव्हतं. रोज एका भाकरीवर त्या हात धुवायच्या, आणि मला वाटायचं, म्हातारपणी भूक कमी होते. आता कळलं, माझ्या तोंडाला भिऊन त्या दुसरी मागत नव्हत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात दोन भाकऱ्या वाढल्या आणि समोर बसून राहिले.

"मी काय मेंढी हाय व्हय?" त्या म्हणाल्या.

"आत्या, दर आठवड्याला हात लावून बघणार आहे मी."

त्यांनी दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. महिनाभरानं एका दुपारी, मी मशीनवर बसलेली असताना, त्या आपणहून माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"बघ गं," म्हणाल्या, "धरलंय का मास?"